सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो का?

‘गाठीला सुई लावू नका, चवताळेल,’ हा सल्ला अनेक घरांत आजही दिला जातो आणि उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. सुईच्या वाटेत कॅन्सरच्या पेशी सांडू शकतात, हे खरे; पण तिथे नवी गाठ क्वचितच धरते. यकृताच्या कॅन्सरमध्ये हा धोका तुलनेने जास्त. २००८ मधील एका एकत्रित विश्लेषणात तो सुमारे २.७ टक्के आढळला. म्हणूनच सिरॉसिसच्या (यकृत घट्ट, व्रणमय होण्याच्या आजाराच्या) रुग्णात स्कॅनवर चित्र स्पष्ट असेल, तर तिथे बायोप्सी (सुईने नमुना काढून तपासणी) बहुधा टाळतात. अंडकोषातल्या संशयित गाठीलाही सुई लावत नाहीत. जांघेतून शस्त्रक्रिया करून अंडकोषच काढून तपासतात. हाडाच्या कॅन्सरमध्ये सुईची वाट अशी आखतात, की पुढे ती गाठीबरोबरच काढता यावी. ही बायोप्सी त्यामुळे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी बोलूनच व्हायला हवी.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरबाबत अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या २,०३४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या (२०१५). आधी सुईने तपासणी झालेले रुग्ण मध्यकानुसार (मीडियन) २२ महिने जगले, न झालेले १५. सुईने आयुष्य वाढवले, असे यावरून म्हणता येणार नाही. ते घटल्याची खूण मात्र कुठेही दिसली नाही.