आश्विनातली परसबाग



मागील अंकातला आमच्या परसबागेचा फोटो पाहून पुण्याच्या एका भगिनीने पत्र पाठवले. ‘मांडवावर एवढे वेल आहेत, पण उमललेले फूल एकही दिसत नाही, हे कसे?’ असे त्यांनी विचारले आहे. फोटो दुपारी दोन वाजता काढला होता. त्या वेळी आमच्या मांडवावरची सकाळची पाळी संपलेली असते आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते. त्यांना उत्तर लिहायला बसले आणि वाटले, हे सर्वांनाच सांगावे. ज्यांच्या देणग्यांवर ही बाग उभी राहिली, त्यांनी ती निदान कागदावर तरी फिरून पाहावी.

जव्हारच्या डोंगरात गौरी-गणपती झाले की पावसाचा जोर ओसरतो. हळवे भात पोटरीला आलेले असते, नागली अजून हिरवी असते आणि घरातली कणगी रिकामी झालेली असते. बाहेरून येणाऱ्याला सगळीकडे हिरवे दिसते, म्हणून त्याला वाटते की आता खाण्यापिण्याची ददात नसेल. खरे तर नवे धान्य घरात येईपर्यंतचे हे आठवडे वर्षातले सर्वांत ओढगस्तीचे. 1992 साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. या दिवसांत घराच्या मागे जे उगवते त्यावर पोराचे ताट अवलंबून असते. म्हणून माझी आवडती फुले सांगायची तर ती बहुतेक भाजीचीच निघतील.

पहाटे उठावे आणि मांडवाखाली जावे. घोसाळ्याची पिवळी फुले उजाडायच्या आधीच उमललेली असतात. लाल भोपळ्याचे मोठे, केशरी-पिवळे फूल सूर्योदयाच्या सुमारास उघडते आणि दुपार व्हायच्या आत मिटते, ते पुन्हा उघडत नाही. मधमाश्यांना तेवढ्याच वेळात काम उरकावे लागते. मग दिवसभर मांडव शांत. उन्हे कलली की दोडक्याची फुले उमलू लागतात, तीही पिवळीच. दोडका आणि घोसाळे जवळचे नातेवाईक, पण एक संध्याकाळी जागा होतो आणि दुसरा पहाटे. अंधार पडता पडता दुधीची पांढरी फुले उघडतात आणि पडवळाची झालर लावल्यासारखी फुलेही. रात्री पतंग येतात, त्यांना अंधारात पांढरे दिसते. ती भगिनी आमच्याकडे मुक्कामाला आल्या, तर संध्याकाळची उपासना झाल्यावर कंदील घेऊन मी त्यांना मांडवाखाली नेईन.

हे केवळ कौतुकाचे नाही. भोपळवर्गीय वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा भोपळा आधीपासूनच असतो, नर फूल साध्या लांब देठावर येते. पाड्यावरच्या बायका भज्यांना फुले खुडतात ती नर वेचून, तीही सगळी नाही. सलग चार दिवस झड लागली की माश्या फिरकत नाहीत, परागकण भिजतात आणि मादी फुलामागचा तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो. लोक म्हणतात, वेलाला दृष्ट लागली. दृष्ट वगैरे काही नसते. उघडीप मिळालेल्या सकाळी एक ताजे नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. लाल भोपळ्याला हे सकाळी करायचे, दुधीला आणि दोडक्याला संध्याकाळी. आमच्या बालवाडीतली मुले हे काम आता माझ्यापेक्षा चांगले करतात. त्यांची बोटे बारीक आहेत.

हे ज्ञान मला धर्मशिक्षणाच्या डिप्लोमात मिळालेले नाही, हे सांगायला नकोच. तिथे एकदा ‘भूकमळे’ या शब्दावर तासभर चर्चा झाली होती. डोंगरावरील प्रवचनात येशूने दाखवलेले रानफूल नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, काहींच्या मते ते तिकडे रानोमाळ फुलणारे लाल ॲनिमोन असावे. आम्ही वहीत उतरवून घेतले. भोपळ्याचे नर फूल कोणते आणि मादी कोणते, हे मात्र मला वयाच्या पस्तिशीत एका वारली आजीने शिकवले, तेही माझी फजिती झाल्यावर.

ती फजिती सांगायलाच हवी, कारण त्यात आपले पैसे गेले. इथे आल्यावर पहिल्या जूनमध्ये मी मेथी, पालक, टोमॅटो आणि कोबीच्या बियांची पाकिटे आणून तीन पाड्यांवर वाटली. रंगीत पाकिटे पाहून बायका हसल्या, पण नाही कोणी म्हटले नाही. जुलैच्या पावसात मेथी-पालक कुजले. टोमॅटोची काही रोपे जगली, थोडी फळेही आली. पुढच्या वर्षी त्याच फळांचे बी लावले, तर एका झाडासारखे दुसरे येईना. संकरित वाणाचे बी धरले तर पुढची पिढी मूळ झाडासारखी येत नाही, म्हणजे दरवर्षी विकत घेणे आले. आजीच्या दारी मी हिशेबाची वही घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, “बाई, पावसाचा पाला पावसात लाव, थंडीचा थंडीत. तुझा पाला थंडीचा.” मग तिने मला मागच्या बाजूला नेले. तिथे घोसाळी, पडवळ, अळू, भेंडी, अंबाडी, करांदा असे सगळे होते, आणि त्यातले काहीच पाकिटातले नव्हते. आपल्या आजच्या परसबागांचे बी त्या परड्यातून आले आहे. देणगीदारांना पाठवलेल्या त्या वर्षीच्या अहवालात मी ‘अपेक्षित यश मिळाले नाही’ एवढेच लिहिले होते.

तिच्या परड्याच्या कडेला खुरासणी होती. नागलीच्या शेताच्या बांधावरही ती लावतात. सप्टेंबरच्या शेवटी तिची पिवळी फुले आली की उतारच्या उतार पिवळे होतात, आणि सूर्यफुलाच्या कुळातली असल्याने ती दिसतातही लहान सूर्यफुलासारखी. मूळची ही इथिओपियाकडची, पण आपल्याकडे इतकी जुनी की कोणी तिला परकी म्हणणार नाही. तिच्या बियांत साधारण 35 ते 40 टक्के तेल असते. पण कडेला लावण्याचे कारण वेगळे. गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाचे काम करते. शिवाय तिला बी धरण्यासाठी दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, म्हणून तिच्यावर माश्यांची रीघ लागते आणि शेजारच्या भोपळ्याचेही भागते. आमच्याकडे यंदा दोन ओळी लावल्या आहेत.

अंबाडीचे फूल मला सर्वांत देखणे वाटते. फिकट पिवळे, मध्यभागी गडद तांबडा डोळा. तिचा पाला आंबट असतो. तांदळाच्या कण्या घालून शिजवला, वर लसणीची फोडणी दिली की दुसरे काही लागत नाही. गरोदर बायकांच्या बैठकीत मी अंबाडीवर भर देते, पण एक गोष्ट जोडून सांगते. पाल्यातले लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही, त्याच्यासोबत लिंबू किंवा आवळा असला तर जास्त मिळते, आणि जेवणावर लगेच कोरा चहा प्यायला तर कमी होते. पाड्यावर जेवणानंतर चहा ठरलेला. ‘चहा तासाभराने प्या’ एवढे ऐकायला दोन वर्षे लागली, अजूनही सगळ्या ऐकतात असे नाही.

तेरड्याबद्दल फार लिहीत नाही, तो आपणा सर्वांना माहीत आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात, पण आमच्या पायरीपाशी तो महिनाभर तरी असतो. पिकलेल्या बोंडाला हात लावताच ते फुटून बी उडते आणि मुले खिदळतात. झेंडू मात्र मी मुद्दाम लावते. तो दसऱ्याला विकला जातो, चार पैसे येतात, आणि त्याच्या मुळांतल्या द्रव्यामुळे जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात. म्हणून जिथे झेंडू होता, तिथे हिवाळ्यात आम्ही टोमॅटो लावतो.

कुंपणावर एक वेल आहे, तिच्याविषयी सावध करते. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी, पाकळ्या मागे वळलेली फुले, आणि पानाचे टोकच ताण्यासारखे गुंडाळलेले. ही कळलावी. मागच्या वर्षी भेटीला आलेल्या तरुण संघातल्या मुलींनी ती केसांत माळली, मी धावत जाऊन काढायला लावली आणि सर्वांना हात धुवायला सांगितले. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद सर्वांत जास्त. बाळंतपणात कळा लागाव्यात म्हणून पूर्वी तिचा कंद वापरत, नाव त्यावरूनच पडले. त्यातले कोल्चिसिन जीव घेऊ शकते. रानातला कंद खणून खाणाऱ्या भागात मुलाला हे फूल ओळखता आलेच पाहिजे, म्हणून मी वेल उपटली नाही. पण ती बालवाडीच्या उलट बाजूला, काट्यांच्या कुंपणात आहे.

आता वालाचे सांगते, कारण यंदा माझ्या मनावर त्याचेच ओझे आहे. मांडवावरचा हा वाल जूनमध्ये लावतात, पण पावसाळाभर तो नुसता पाने काढतो. दिवस लहान होऊ लागल्यावरच तो फुलावर येतो. 22-23 सप्टेंबरला दिवस आणि रात्र सारखी होते, त्यानंतर त्याचे जांभळे तुरे दिसू लागतात. कोवळ्या शेंगा दिवाळीच्या आसपास, आणि पुढच्या वर्षासाठी वाळलेले बी डिसेंबर-जानेवारीत. अडचण इथेच आहे. दिवाळी झाली की पाड्यावरची अर्धीअधिक घरे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बी पिकते तेव्हा खुडायला कोणी नसते. शेळ्या, माकडे आणि ऊन यांच्या तावडीतून जे वाचेल ते आजवर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या गोळा करत आल्या. राखेत घोळून, वाळलेल्या दुधीच्या तुंब्यात भरून, चुलीवरच्या धुरात टांगून ठेवत आल्या. त्याच दुधीचा तारपा करतात, ते आपल्याला ठाऊक आहे. तोच दुधी बियांचे कोठारही असतो.

माझ्या त्या आजीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी सुनेचे बाळ भट्टीवर आजारी पडले होते, म्हणून या वर्षी मुलगा आजीलाही सोबत नेणार आहे, नातवंडांकडे बघायला. मी म्हटले, “आजी, तू इथे आमच्याकडे राहा.” ती म्हणाली, “पोरं तिथं नि मी इथं, काय खाऊ?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. भट्टीवर जाणे थांबवणे माझ्या हातात नाही. गावातच रोजगार मिळावा म्हणून आम्ही मागणी अर्ज भरून दिले आहेत, तो विषय वेगळ्या लेखाचा.

मग एवढेच ठरवले. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आजी आमच्या दोन कार्यकर्त्या मुलींना घरोघर नेऊन दाखवील, कोणत्या वेलीची कोणती शेंग बियाला ठेवायची. वेलीच्या बुडाजवळची, भरलेली, कीड नसलेली. त्या शेंगांना लाल चिंधी बांधायची. मुली जानेवारीपर्यंत दर आठवड्याला फेरी मारतील आणि प्रत्येक घराचे बी वेगळ्या तुंब्यात ठेवतील, सरमिसळ नको असे आजीने बजावले आहे. हंगामाच्या सणाला मंडळीत प्रथमफळे आणताना आपल्यापैकी कोणाकडे जुन्या साड्यांच्या लाल चिंध्या असतील, तर त्याही पाठवाव्यात. पैसे नकोत, यासाठी लागत नाहीत.

काल संध्याकाळी तिच्या परड्यात गेले होते. वालाला पहिला तुरा आला आहे. बियाला राखलेला दुधी मांडवाच्या मधोमध लोंबतो आहे. तो करकरीत वाळून आतले बी खुळखुळायला अजून दीड-दोन महिने लागतील. आजीने चाचपून त्याचा देठ शोधला, माझा हात धरून त्यावर ठेवला आणि म्हणाली, “हा तोडू नको. वाजला की मग काढ.”