प्रेयसी परग्रहावर, प्रियकर शेतकरी!

प्रेयसी रुसून मामाच्या गावी गेली, तर प्रियकर मिळेल ती एसटी पकडून तिच्यामागे जातो. पण तिला कुणी थेट परग्रहावरच पळवून नेले तर?

१९६३ सालच्या ‘कलै अरसी’ या तमिळ चित्रपटातल्या मोहनवर नेमकी हीच पाळी येते. मोहन म्हणजे एम. जी. रामचंद्रन आणि त्याची गाणारी प्रेयसी वाणी म्हणजे पी. भानुमती. युरी गागारिन अंतराळात जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. चंद्रावर माणूस उतरायला अजून सहा वर्षे होती. गंमत अशी, की या चित्रपटातले परग्रहवासी पृथ्वी जिंकायला येत नाहीत. विज्ञानात ते आपल्या फार पुढे, पण कलेत अगदीच कच्चे. म्हणून ते चक्क एक गायिका उचलून नेतात! मग शेतकरी मोहन त्यांच्याच उडत्या तबकडीतून तिथे पोचतो, विदूषकाचे सोंग घेतो आणि वाणीला सोडवून आणतो. त्या तबकडीचे आज हसू येईल. पण एवढ्या पुढारलेल्या लोकांना गाण्याची भूक असावी, ही कल्पना मात्र शिळी झालेली नाही.

चौदा वर्षांनी उलटेच घडले. पृथ्वीनेच आपले गाणे परग्रहवासीयांकडे धाडले!

१९७७ साली ‘नासा’ने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतली अभिवादने आहेत. बंगळूरच्या चामराजपेटेत कन्नड साहित्य परिषदेचे घर आहे; ती कन्नड त्यात आहे आणि आपली मराठीही आहे. ही चामराजपेट वसली १८९२ साली. त्याच साली गोव्यातल्या केरी गावी केसरबाई केरकर जन्मल्या. त्यांची भैरवी या तबकडीवर आहे. पाच सप्टेंबरला व्हॉयेजर-१ निघाले आणि अकराव्या दिवशी केसरबाईंनी डोळे मिटले.

आणि प्रेमकथा? तीही त्याच तबकडीत दडली आहे. तबकडीच्या कामात खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्याबरोबर अ‍ॅन ड्रुयान होत्या. जून १९७७ मध्ये फोनवर बोलता बोलता दोघांनी लग्नाचे ठरवून टाकले. त्यानंतर दोनच दिवसांनी अ‍ॅनच्या मेंदूतल्या लहरी आणि हृदयाचे ठोके तबकडीसाठी नोंदवले गेले. त्या तासाभरात मनात काय काय आणायचे, याची टिपणे त्यांनी केली होती. प्रेमात पडणे म्हणजे काय, हेही त्यात होते. बाकी शास्त्रीय विषयांचे काय झाले असेल, ते प्रेमात पडलेल्यांनीच ओळखावे! १९८१ साली दोघांचे लग्न झाले. १९९६ साली सेगन गेले.

मोहनला वाणी एका चित्रपटाच्या अवधीत सापडली. खऱ्या आकाशात मात्र हिशेब कठोर आहे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर. २०१६ साली त्याच्याभोवती एक ग्रह सापडला. तिथे रेडिओने ‘कशी आहेस?’ विचारले, तर उत्तराला साडेआठ वर्षे थांबावे लागेल. व्हॉयेजर त्याच्या दिशेने चाललेलेही नाही. सुमारे ४०,००० वर्षांनी व्हॉयेजर-१ दुसऱ्याच एका ताऱ्याच्या दीड-पावणेदोन प्रकाशवर्षे अंतरावरून जाईल. तोवर अ‍ॅनच्या हृदयाचे ठोके आणि केसरबाईंची भैरवी एकाच तबकडीत, शेजारी शेजारी असतील.