जियूगाओका : शाळेच्या नावाचे स्टेशन

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे पुस्तक शिक्षकबंधुभगिनींपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद अनेक शाळांच्या कपाटांत आढळतो. कपाट उघडले जाते की नाही, हा प्रश्न निराळा. पुस्तकाचा आरंभच एका रेल्वे स्टेशनावर होतो. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली एक लहान मुलगी आईबरोबर गाडीतून उतरते आणि हातातले तिकीट फाटकावरील कर्मचाऱ्यास देण्यास राजी होत नाही. त्या स्टेशनाचे नाव जियूगाओका. गोष्ट सांगताना आपण हे नाव ओलांडून पुढे जातो. परंतु ते एका शाळेवरून पडलेले आहे, ही हकीकत शिक्षकाने तरी जाणून घेण्याजोगी आहे.

हे स्टेशन तोक्योच्या मेगुरो विभागात, शिबुया या गजबजलेल्या स्थानकापासून 7 किलोमीटरांवर आहे. 1923 सालच्या भूकंपाने व आगींनी तोक्यो शहर उद्ध्वस्त झाल्यावर पुष्कळ कुटुंबे शहराबाहेर राहावयास गेली. खाजगी रेल्वे कंपन्यांनी ही संधी ओळखली. शेतांतून रूळ टाकावयाचे, बाजूच्या जमिनी घरांसाठी विकावयाच्या, आणि मग त्याच घरांतील माणसांची रोज सकाळ-संध्याकाळ ने-आण करावयाची, असा हा दुहेरी व्यवहार होता. आपल्याकडे सामान्यतः आधी गाव आणि मागाहून गाडी. तेथे पुष्कळदा गाडी आधी आली.

अशाच एका मार्गावर 28 ऑगस्ट 1927 रोजी हे स्टेशन उघडले. नाव दिले कुहोनबुत्सु. जवळच्या एका मंदिरात अमिताभ बुद्धाच्या नऊ मूर्ती आहेत, त्यांवरून हे नाव आले. दोन वर्षांनी दुसरा एक मार्ग तयार झाला. त्यावरील एक स्टेशन मंदिराला अधिक जवळ असल्याने हे नाव तिकडे गेले आणि पहिल्या स्टेशनास नवे नाव शोधणे भाग पडले. जुन्या खेड्याचे ‘फुसुमा’ हे नाव कंपनीने जवळजवळ ठरवूनही टाकले होते.

येथे शाळेचा संबंध येतो. किशिए तेझुका नावाचे शिक्षक पूर्वी चिबा येथील अध्यापन विद्यालयाला जोडलेल्या प्राथमिक शाळेचे प्रमुख होते. मुलांनी आपला अभ्यास आपण करावा, शाळेच्या कारभारातही भाग घ्यावा, असा त्यांचा आग्रह असे. या पद्धतीस ते ‘मुक्त शिक्षण’ म्हणत. तिचा बोलबाला झाला, तसा अधिकाऱ्यांचा रोषही ओढवला. (अधिकारीवर्गातील मीही एक असल्याने हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते.) अखेर तेथून बाहेर पडून त्यांनी 1928 साली या नव्या वस्तीत स्वतःची शाळा काढली व तिला नाव दिले जियूगाओका गाकुएन. ‘जियू’ म्हणजे स्वातंत्र्य, ‘ओका’ म्हणजे टेकडी, ‘गाकुएन’ म्हणजे विद्यालय. वस्तीतील लोकांना नाव आवडले. तेथे राहावयास आलेले नर्तक बाकु इशिई हे तर पत्रांवर पत्ता म्हणून तेच लिहीत. त्यांनी व इतर रहिवाशांनी कंपनीकडे आग्रह धरला, आणि 1929 च्या ऑक्टोबरात स्टेशनाच्या पाटीवर जियूगाओका हे नाव आले. 1932 साली तोक्यो शहराची हद्द वाढली तेव्हा सरकारी दप्तरातही वस्तीचे तेच नाव लागले. म्हणजे शाळेचे नाव स्टेशनास, आणि मग सबंध वस्तीस. पुढे 1966 साली स्टेशनाच्या नावातील एका अक्षराचे लेखन बदलले, उच्चार मात्र तोच राहिला.

तेझुकांना या यशाचा उपभोग फारसा घेता आला नाही. शाळा चालविणे जड गेले आणि 1936 साली ते वारले. त्यांच्या संस्थेतील बालवर्ग व प्राथमिक वर्ग सोसाकु कोबायाशी या संगीतशिक्षकाने हाती घेऊन 1937 साली जी शाळा सुरू केली, तीच तोत्तोचानची तोमोए. रेल्वेचे निकामी डबे वर्ग म्हणून वापरणारी ही शाळा 1945 च्या हवाई हल्ल्यात जळाली. वर्गात हा भाग वाचून झाल्यावर मुलांना आपल्या गावाच्या, वाडीच्या, एस. टी. थांब्याच्या नावाचा उगम घरी विचारून यावयास सांगावे. एका शाळेत मी हे करून पाहिले. आज्यांनी सांगितलेल्या हकीकतींनी दोन तास पुरले नाहीत.

स्टेशन आज दुमजली आहे. वर शिबुया व योकोहामा यांना जोडणारी तोयोको मार्गाची गाडी धावते, तर खाली जमिनीवरून ओइमाची मार्गाची. एकीतून उतरून दुसरी धरणाऱ्यांची येथे सतत ये-जा असते. तोत्तोचान आईबरोबर ज्या गाडीने आली, ती या खालच्या मार्गाची. फाटके आता यांत्रिक आहेत. बहुतेक प्रवासी त्यांवर कार्ड टेकवून बाहेर पडतात. तिकीट मागून घेणारा माणूस तेथे उभा नसतो.