व्हाउचर नव्हे, परतावा

परदेश सहलीचे पैसे कित्येक महिने आधी भरावे लागतात. जैन भोजनाची सोय असलेल्या समूह सहलींसाठी तर आपण अधिकच आधी नावे नोंदवतो. अशी सहल किंवा विमान कंपनीनेच रद्द केले, की पुष्कळदा पैशांऐवजी पुढील प्रवासासाठी व्हाउचर पुढे केले जाते. ते मुकाट्याने स्वीकारण्यापूर्वी त्याचे खरे स्वरूप ओळखावे.

बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही तारण, व्याज व मुदत या तीन गोष्टी आधी पाहत असू. व्हाउचर हे ग्राहकाने कंपनीला दिलेले कर्जच होय. मात्र त्याला तारण नाही, बहुधा व्याजही नाही, आणि मुदत संपली की ऋणको मोकळा होतो व धनकोचे पैसे बुडतात. चातुर्मास, मुलांच्या परीक्षा व घरातील आजारपणे वजा केली तर वर्षभराच्या मुदतीत प्रवासाचे दिवस उरतात किती? शिवाय कंपनीच बंद पडली तर? जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली. अवसायनाचा आदेश निघाला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. अशा वेळी प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, आणि ती रांग बँकांपासून सुरू होते.

कायदा या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे. परतावा क्रेडिट शेलमध्ये ठेवायचा की नाही हे प्रवाशाने ठरवावे, विमान कंपनीने परस्पर नव्हे, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत म्हटले आहे. कोरोनाकाळातील तिकिटांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्णय दिला. त्यात अडचणीतील विमान कंपन्यांना क्रेडिट शेलची सवलत मिळाली. परंतु ३१ मार्च २०२१ पर्यंत ते न वापरल्यास रोख परतावा देण्याचे बंधन घालण्यात आले. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणारे उड्डाण कंपनीने रद्द केल्यास परतावा मागणाऱ्या प्रवाशाला तो सात दिवसांत द्यावा लागतो, आणि प्रवाशाच्या स्वाक्षरीच्या संमतीशिवाय व्हाउचर देता येत नाही.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. सहल आपणच रद्द केली असेल, तर करारातील अटींनुसार रक्कम कापली जाते. कंपनीने रद्द केली असेल, तर न दिलेल्या सेवेचे पैसे आपले आहेत.

मागणी नेहमी लेखी करावी. ‘व्हाउचर मान्य नाही, रक्कम मूळ खात्यात जमा करावी’ एवढे दोन ओळींचे ई-मेल पुरेसे असते. दूरध्वनीवर किंवा संदेशातील बटण दाबून होकार देऊ नये; तीच पुढे संमती ठरते. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असल्यास बँकेकडे चार्जबॅकचा अर्ज ताबडतोब करावा, कारण त्याची मुदत मर्यादित असते. परदेश सहलीच्या रकमेवर घेतलेला टीसीएस सरकारकडे आपल्या पॅनवर जमा झालेला असतो. कंपनीने तो परत केला नाही, तर आयकर विवरणपत्रात त्याचे श्रेय घ्यावे.

एवढ्याने काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि दाद मागण्यास दोन वर्षांची मुदत असते.

ज्येष्ठांच्या सहलीमागे कित्येक वर्षांची बचत असते. व्हाउचर सोयीचे वाटले, तर ते अवश्य घ्यावे. मात्र तो निर्णय आपला असावा. भिडेखातर आपला हक्क सोडणे म्हणजे औदार्य नव्हे.