अपग्रेड करण्यापूर्वी परतीची वाट

नवे औषध बाजारात आले म्हणून आपण ते त्याच दिवशी सर्व रुग्णांना लिहून देत नाही. चाचण्यांचे टप्पे, दुष्परिणाम आणि विपरीत घडलेच तर करावयाचा उपाय, हे पाहूनच आपली लेखणी कागदावर उतरते. दवाखान्यातील संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक आपण बाजूला ठेवतो. पडद्यावर ‘अपडेट’ची सूचना झळकते आणि ऐन ओपीडीच्या गर्दीत कोणीतरी बटण दाबून मोकळे होते. संगणकाच्या हौसेपायी निपाणी-बेळगाव परिसरातील व्यवसायबंधूंच्या हाकेला धावून जाताना जे उमगले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आपणांस आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे ओपीडी सुरू होण्याच्या सुमारास, एक छोटीशी सुधारणा जगभर पाठविली. मूळ प्रणाली २० नोंदी पुरवीत होती आणि नव्या फाइलने २१ वी मागितली, एवढेच निमित्त. कंपनीने ७८ मिनिटांत ती मागे घेतली. परंतु तोवर सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर थिजले होते. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. इंग्लंडमधील कित्येक जनरल प्रॅक्टिशनरांना रुग्णांच्या नोंदी दिसेनात. उपाय सोपा होता. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती एक फाइल काढून टाकायची. पण बहुतेक ठिकाणी ते प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करावे लागले. चूक एका ठिकाणी झाली. ती सर्वत्र एकाच क्षणी पोहोचली, हे खरे दुखणे होते.

मग अपडेट करूच नये काय? तसेही नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश ट्रस्टांचे कामकाज विस्कळीत केले. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती लावली गेली नव्हती. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा बदल अटळ आहे. प्रश्न आहे तो क्रमाचा.

हा क्रम ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीकडून शिकण्यासारखा आहे. तिच्यात नवे पॅकेज प्रथम ‘अनस्टेबल’ शाखेत येते. या शाखेचे नाव ‘सिड’. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या मुलावरून ठेवलेले! तेथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये जाते आणि सुमारे दोन वर्षांनी ‘स्टेबल’ म्हणून सर्वांच्या हाती पडते. औषधाच्या चाचण्यांचेच हे टप्पे नव्हेत काय? ज्यांना नव्याची हौस आहे, त्यांनी ती घरच्या जुन्या संगणकावर किंवा संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर भागवावी. रुग्णांच्या नोंदींचे यंत्र ‘स्टेबल’च असावे.

दवाखान्यापुरते पथ्य असे. नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दवाखान्याबाहेर ठेवावी; ती खरोखर उघडते का, हे अधूनमधून पाहावे. न तपासलेला बॅकअप म्हणजे मुदत न पाहिलेले इंजेक्शन. अपग्रेडपूर्वी ‘रिस्टोअर पॉइंट’ घ्यावा, डिस्क कुलूपबंद असल्यास ४८ अंकी चावी कागदावर उतरवून ठेवावी. काम रविवारी, यूपीएस चालू असल्याची खात्री करून, आधी एकाच संगणकावर करावे. सोनोग्राफी किंवा रक्त-तपासणीच्या यंत्राला जोडलेल्या संगणकाला, पुरवठादाराला विचारल्यावाचून हात लावू नये.

एवढे करूनही बिघडलेच, तर घाईने ‘फॉरमॅट’ करू नये. प्रथम पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र घ्यावे. सेफ मोडमध्ये जाऊन शेवटचे अपडेट काढून पाहावे. विंडोजच्या मोठ्या अपग्रेडनंतर सामान्यतः १० दिवस जुन्या आवृत्तीकडे परतता येते. संगणक सुरूच होत नसेल, तर पेन-ड्राइव्हवरील लिनक्सने तो चालवून आधी नोंदी बाहेर काढाव्यात. प्रथम रुग्ण, मग इमारत, हाच नियम येथेही लागू.

आपल्या सीमाभागात आणखी एक पेच आहे. एकाच रुग्णाचे नाव आपल्याकडे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत सापडते. युनिकोडपूर्व काळातील मजकूर त्या-त्या फाँटच्या सांकेतिक क्रमात साठवलेला असे. नव्या संगणकावर तो फाँट नसला की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. अशाच एका दवाखान्यात अपग्रेडनंतर मी पाहिले, एका जुन्या रुग्णाच्या पानावर चिन्हांची रांगोळी होती. जुना फाँट बसविल्यावर वाचता आले : ‘पेनिसिलिन देऊ नये.’ म्हणून जुना संगणक काढून टाकण्यापूर्वी अशा नोंदी युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात आणि त्या नीट उतरल्या की नाही, हे मराठी व कन्नड वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून घालावे.

आणि टेबलाच्या खणात कोऱ्या केसपेपरांचा एक गठ्ठा असू द्यावा. संगणक रुसला, तरी रुग्ण थांबत नाही.