नातवंडांची प्रवेशपरीक्षा आणि आजी-आजोबांची पावकी-निमकी

आपल्या घरातील नातू अथवा नात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल, तर ‘क्वांट’ हा शब्द अलीकडे आपल्या कानांवर वारंवार पडत असेल. व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेतील अंकगणिताच्या विभागाचे हे रूढ नाव. अंधेरीची एस. पी. जैन, विद्याविहारची के. जे. सोमय्या, पवईची आयआयएम मुंबई अशा नामांकित संस्था उपनगरांच्या परिसरातच असल्याने बोरिवली-मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत अनेक घरांत हा अभ्यास रात्री उशिरापर्यंत चाललेला दिसतो. आजी-आजोबांना मात्र वाटते, ‘आपल्याला यातले काय कळणार?’ हा समज दूर करणे, हाच या लेखाचा हेतू आहे.

परीक्षा नेमकी कशाची?

आयआयएम संस्था घेत असलेल्या ‘कॅट’ परीक्षेत गेली काही वर्षे गणिताचे २२ प्रश्न ४० मिनिटांत सोडवावे लागतात. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात. पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो. महाराष्ट्र शासनाच्या एमबीए सीईटीमध्ये १५० मिनिटांत एकूण २०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला अवघी ४५ सेकंदे. शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज, काळ-काम-वेग, गुणोत्तर हे विषय शाळेतलेच. कस लागतो तो तोंडी हिशेबाच्या वेगाचा.

आणि इथेच आपली जुनी शिदोरी उपयोगी पडते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही उजळणी ज्यांनी पाठ केली, त्यांना ४८ चे पाऊण ३६ आणि ६४ चे सव्वापट ८० हे सांगायला कागद लागत नाही. आजचे विद्यार्थी अपूर्णांकांचे शेकडेवारीत रूपांतर करणारा तक्ता घोकतात : एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के, एक षोडशांश म्हणजे सव्वासहा टक्के. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यापूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा होता. म्हणजे दोन आणे हे रुपयाचे साडेबारा टक्के, एक आणा सव्वासहा टक्के, बारा आणे पंचाहत्तर टक्के. ज्यांनी लहानपणी आण्यांत हिशेब केला, त्यांच्या मनात हा तक्ता आधीच तयार आहे.

एक नेहमीचा प्रश्न पाहा. डाळीचा भाव २५ टक्क्यांनी वाढला. खर्च तेवढाच ठेवायचा तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा? घाईत उत्तर येते २५. पण भाव सव्वापट झाला, म्हणजे चाराचे पाच झाले. तेव्हा वापर पाचाचा चार करावा लागेल. उत्तर २० टक्के. घर चालवलेल्या कोणत्याही आजीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मेंदूला लाभ होतो का?

याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ या अभ्यासात ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्ती सहभागी होत्या. स्मरण, तर्क आणि आकलनाचा वेग यांपैकी एकेका क्षमतेचे प्रशिक्षण निरनिराळ्या गटांना देण्यात आले. ज्या क्षमतेचा सराव झाला, प्रामुख्याने तीच सुधारली. तर्क आणि वेग यांचा लाभ दहा वर्षांनंतरही काही अंशी टिकून होता. स्मरणाचा टिकला नाही. म्हणून गणिते सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

मात्र ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाशी निगडित असे जे १४ टाळता किंवा कमी करता येण्याजोगे घटक मांडले, त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष, दृष्टिदोष, व्यायामाचा अभाव यांच्याबरोबर सामाजिक एकटेपणाही आहे. दाराआड अभ्यास करणारा नातू आणि दूरचित्रवाणीसमोर बसलेले आजोबा यांना रोज अर्धा तास एकत्र आणणारे काही असेल, तर त्याचे मोल केवळ गणितापुरते राहत नाही.

कसे बसावे?

● सकाळी चहानंतरची किंवा सायंकाळच्या फेरफटक्यानंतरची वेळ निवडावी. अर्धा तास पुरे.

● प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहावा, प्रकाश भरपूर असावा. चष्मा, श्रवणयंत्र जवळ असावे.

● वेळ लावायची ती नातवंडासाठी. ज्येष्ठांसाठी घड्याळ नको.

● उत्तरापेक्षा रीत विचारावी. आजोबांची तोंडी रीत आणि नातीची बीजगणिती रीत शेजारी मांडल्या, की दोघांनाही नवे काही मिळते.

● रात्रीचे जागरण दोघांनीही टाळावे. नातवंडाची झोप, भूक किंवा बोलणे कमी होत असल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर समुपदेशन मिळते.

काळजीवाहकांनी लक्षात ठेवावे

डॉक्टर कधी कधी १०० मधून ७ वजा करीत जायला सांगतात, तो तपासणीचा एक लहानसा भाग असतो. ती परीक्षा घरी घेऊ नये. एखादे गणित चुकणे हा आजार नव्हे. ज्यांना शाळा फार लाभली नाही त्यांच्याबाबत तर मुळीच नव्हे. लक्ष द्यायचे ते बदलाकडे. आयुष्यभर चोख हिशेब ठेवणारी व्यक्ती सुट्टे पैसे मोजताना गोंधळू लागली, तेच बिल दोनदा भरू लागली, बँकेचे पासबुक टाळू लागली, तर चारचौघांत न हसता, न रागावता डॉक्टरांची वेळ घ्यावी. थायरॉइडचे विकार, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, नैराश्य किंवा औषधांचा परिणाम यांमुळेही असे होऊ शकते आणि त्यांवर उपचार आहेत.

वृद्धापकाळी माणसाला सर्वांत अधिक सलते ते आपले ज्ञान निरुपयोगी झाल्याची भावना. सव्वापटीचा हिशेब नातीने आजोबांना विचारावा आणि त्यांनी तो क्षणात सांगावा, यात परीक्षेचे गुण वाढतील न वाढतील; पण त्या घरात आजोबांना विचारले जाते, एवढे निश्चित होईल. आज संध्याकाळी डाळीच्या भावापासूनच सुरुवात करावी.