कोळी आपले जाळे कसे विणतो?

धम्मपदाच्या तण्हावग्गात, म्हणजे तृष्णेविषयीच्या प्रकरणात, ३४७ व्या गाथेत कोळ्याची उपमा आली आहे. आसक्तीत गुरफटलेला माणूस कसा वाहवत जातो हे समजावताना भगवान बुद्धांनी स्वतःच विणलेल्या जाळ्यावरच्या कोळ्याचा दाखला दिला. ही गाथा आपण विहारात ऐकतो. पण तो कोळी आपण कधी नीट पाहिला आहे काय? घर झाडताना जळमटे काढण्यापुरताच आपला त्याच्याशी संबंध येतो. म्हणून या वेळी त्याचीच ओळख करून देण्याचे आम्ही ठरविले.

घराच्या कोपऱ्यात साचणारी जळमटे वेगळ्या जातीच्या कोळ्यांची असतात. आपण बोलणार आहोत ते गोल जाळे विणणाऱ्या कोळ्याबद्दल. कुंपणाच्या तारेत, झुडपांत, भाताच्या शेतात त्याचे जाळे दिसते. बैलगाडीच्या चाकाप्रमाणे त्याला मध्यभाग असतो, आरे असतात आणि बाहेरून चौकट असते. त्यावर बसलेला मोठा कोळी बहुधा मादी असते.

कोळी उंच जागी बसतो आणि पोटाच्या टोकातून एक बारीक तंतू वाऱ्यावर सोडतो. पोटात द्रवरूप असलेले हे प्रथिन ओढले जाता जाता घट्ट होते. तंतूचे टोक समोरच्या फांदीला चिकटले की पूल तयार होतो. त्यावर ये-जा करून कोळी तो पक्का करतो. मग मधून एक धागा खाली सोडून इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा आकार तयार करतो. तिन्ही धागे जिथे मिळतात तो जाळ्याचा मध्य. तेथून तो एकेक आरा आणि बाहेरची चौकट बांधतो.

यानंतरची युक्ती आपल्या बांधकामावरच्या बंधू-भगिनींना लगेच समजेल. इमारतीला जशी परांची, तसे कोळी मध्यापासून बाहेरपर्यंत विरळ, बिनचिकट धाग्याचे तात्पुरते वेढे घालतो. मग त्यांच्या आधाराने बाहेरून आत येत चिकट धाग्याचे दाट वेढे घालतो आणि परांची उतरवीत जातो. दोन धाग्यांमधले अंतर तो पायांनी मोजतो. त्याला सहसा आठ डोळे असतात, पण नजर अधू. त्यामुळे अंधारातही केवळ स्पर्शावर तो हे काम तासाभरात पुरे करतो.

स्वतःच्या जाळ्यात तो का अडकत नाही? आरे चिकट नसतात, तो बहुधा त्यांवरूनच चालतो. चिकट धाग्याला पायाचे फक्त टोक लावतो. शिकार सापडली की धागे थरथरतात. ती थरथर वाऱ्याची की किड्याची, हे त्याला पायांना कळते. मग धावत जाऊन तो किड्याला धाग्यात गुंडाळतो, चावतो. अनेक जातींचे कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्याच प्रथिनातून नवे विणतात. काही वाया जात नाही! भातावरचे तुडतुडे आणि पतंग तो खातो. म्हणजे तो शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच.

१९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात अराबेला आणि अनिता नावाचे दोन कोळी पाठविण्यात आले. वजन जाणवत नसेल तर कोळी जाळे विणू शकेल काय, हा प्रश्न ज्युडिथ माइल्स या शाळकरी मुलीचा होता. अराबेलाचे पहिले जाळे विस्कटलेले निघाले, पण काही दिवसांत तिने चांगले जाळे विणले. आपल्या मुली प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना गप्प बसवू नका, एवढे तरी यातून घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. अंगावर फोड उठले की आपल्या वस्त्यांत अजूनही म्हणतात, "कोळी मुतला." हे खरे नाही. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा एक लाल-काळा लहान किडा अंगावर चिरडला तर त्याच्या विषाने असे चट्टे येतात. कमरेवर किंवा छातीवर एकाच बाजूला, फार दुखणारे फोड आले तर ती नागीण असू शकते. कांजिण्यांचा विषाणू शरीरात दबून राहतो आणि पुढे कधी तरी उलटतो, त्याचा हा रोग. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू केले तर त्याचा गुण चांगला येतो. उतारे आणि मंत्र करण्यात नेमके हेच तीन दिवस निघून जातात. डोळ्याजवळ फोड असतील तर एक दिवसही थांबू नये, दृष्टीला धोका असतो. सरळ दवाखाना गाठावा.

परंपरेने चालत आले, सर्वांनी सांगितले, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तेव्हा संध्याकाळी बॅटरी घेऊन मुलांसह बाहेर पडा आणि हात न लावता कोळ्याचे विणकाम पाहा. तो आपले जुने जाळे मोडून नवे विणतो. अंधश्रद्धेचे जाळे तर आपणच विणलेले आहे. ते आपणच मोडले पाहिजे.

जय भीम!